शिक्षकाचे 'आपण'

मराठी भाषेत एक मोठी सोय आहे; पण ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. हिंदी बोलणारा मनुष्य 'हम' म्हणतो, तेव्हा ऐकणाराला त्यात धरले आहे की वगळले आहे, हे केवळ त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत मात्र 'आम्ही' निराळे आणि 'आपण' निराळे. 'आम्ही जेवलो' असे यजमान म्हणाला, तर पाहुणा अद्याप उपाशी आहे. 'आपण जेवू या' असे म्हणाला, तर पाहुण्याचेही पान मांडलेले आहे. हा भेद द्राविडी कुळातील अनेक भाषांत आढळतो आणि मुंडा कुळातील भाषांतही आढळतो. मराठीने तो द्राविडी शेजाऱ्यांच्या सहवासातून घेतला असावा, असे पुष्कळ भाषापंडितांचे मत आहे.

शिक्षक वर्गात उभा राहतो आणि दिवसातून शंभर वेळा 'आपण' म्हणतो. आपण सकाळी उठतो, आपण सण साजरे करतो, आपण अमुक खातो, आपल्या घरात तमुक असते. त्या 'आपण'मध्ये समोर बसलेल्यांपैकी कोण कोण येते आणि कोण बाहेर राहते, याचा विचार करावयास आमची अध्यापक विद्यालये शिक्षकाला शिकवितात काय, एवढाच प्रश्न आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका डोंगरी तालुक्यातील प्राथमिक शाळेत छात्राध्यापकांच्या सराव पाठांचे निरीक्षण करण्याचे काम माझ्याकडे होते. तिसरीचा वर्ग होता, विषय परिसर अभ्यास आणि पाठ 'आपले घर' हा. पाठ घेणारी छात्राध्यापिका मोठ्या तयारीची होती. पाठटाचण सुवाच्य, फळ्यावरील अक्षर वळणदार, आणि भिंतीवर तिने स्वतः रंगविलेला तक्ता : बैठकीची खोली, स्वयंपाकघर, देवघर, न्हाणीघर. 'आपल्या घरात कोणकोणत्या खोल्या असतात?' असा प्रश्न तिने विचारला. पुढे बसलेल्या दोनतीन मुलांनी तक्त्याकडे पाहून भराभर उत्तरे दिली. खिडकीजवळ पाचसहा वारली मुले बसली होती. त्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. पाठ वेळेवर संपला. मी चांगले गुण दिले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'वर्गातील काही मुले निष्क्रिय.'

मधल्या सुटीत त्यांतील एका मुलीला मी सहज विचारले, 'तुझ्या घरात काय काय आहे ग?' ती आधी बुजली. पण एकदा सांगू लागली ती थांबेचना. कुडाच्या भिंती पावसाआधी कशा लिंपावयाच्या, भात कणगीत कसे भरतात, कोंबड्या रात्री कोठे झाकतात, शेळी व्याली तेव्हा ती कोठे बांधली होती, हे सारे तिने हातवारे करून मला सांगितले. त्या घराला खोल्या नव्हत्या. जे होते ते सर्व एकाच छपराखाली होते. 'कोणकोणत्या खोल्या' या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते, कारण तो प्रश्न तिच्या घराला उद्देशून विचारलेलाच नव्हता. निष्क्रिय ती नव्हती, आमचा प्रश्न आंधळा होता.

पण खरा धक्का मला पुढेच बसला. ही हकीकत मी त्या छात्राध्यापिकेला सांगितली, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, 'सर, माझे घरही तसलेच आहे. मीसुद्धा पाड्यावरचीच.' मी विचारले, 'मग तक्त्यावर तुझे घर का काढले नाहीस?' ती म्हणाली, 'ते पाठटाचणात बसेल असे वाटले नाही.'

श्रोतेहो, तिला असे वाटावयास कोणी लावले? पाठटाचणाचा नमुना आम्हीच दिला होता. आदर्श पाठ आम्हीच घेऊन दाखविले होते. दोन वर्षांच्या शिक्षणात आम्ही तिला पुष्कळ गोष्टी शिकविल्या. आणि त्याबरोबरच, तोंडाने एक अक्षरही न बोलता, स्वतःचे घर दाराबाहेर ठेवून वर्गात यावयाचे असते, हेही शिकविले. माझा शेरा तपासणीच्या वहीत तसाच राहिला. तो आज मी जाहीरपणे मागे घेत आहे.

आता कोणी म्हणेल, हे सर्व अलीकडचे विचार आहेत. तसे नाही. सन १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्यात या विषयाचे मर्म आलेले आहे. त्या वेळी प्राथमिक शाळांतील शिक्षक जवळजवळ सर्व ब्राह्मण होते आणि त्यांतील थोडेच शिक्षणशास्त्राचे शिक्षण घेतलेले होते. जोतीरावांनी अशी मागणी केली की, शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शेतकरी वर्गांतून घ्यावेत. म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा व इच्छा जाणतील, आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरण्याची त्यांना लाज वाटणार नाही. शिक्षकांच्या अभ्यासक्रमात नेहमीच्या विषयांबरोबर शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असेही त्यांनी सुचविले. या मागणीचे दोन भाग आहेत, हे ध्यानात घ्यावे. शिक्षक कोठून यावा, हा एक भाग. आणि त्याला तयार करताना काय शिकवावे, हा दुसरा. पहिला भाग लोकांच्या लक्षात राहिला. दुसऱ्याचा बहुधा विसर पडला.

वास्तविक एक भाग दुसऱ्यावाचून लंगडा आहे. वारल्यांच्या मुलांना वारली शिक्षिका मिळाली म्हणजे काम झाले, असे मानणाराने वर सांगितलेली हकीकत आठवावी. ती शिक्षिका वारलीच होती. परंतु शिक्षक होणे म्हणजे आपले बोलणे, आपले घर, आपले जेवण यांपासून दूर जाणे, अशी ज्या विद्यालयात समजूत होते, तेथून बाहेर पडणारा मनुष्य जन्माने कोणीही असो, वर्गात तो परकाच होऊन जातो. उलट, शिक्षक सर्वस्वी निराळ्या समाजातला असूनही त्याने मुलांचा विश्वास संपादन केला, अशी उदाहरणे आपल्याच प्रांतात घडलेली आहेत. त्यांतील दोन मी सांगतो.

पहिले उदाहरण सातारचे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूमहाराजांचे नाव दिले गेले. त्या काळी जातवार वसतिगृहे पुष्कळ होती आणि त्यांनी आपापल्या परीने मोठे काम केले. भाऊरावांनी मात्र सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली ठेवली. एकत्र स्वयंपाक, एक पंक्ती, आणि हाताने कष्ट करून शिकणे, ही तेथील रीत होती. सौ. लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी आपले दागिने मोडले, हे सर्वश्रुतच आहे. याच संस्थेने १९३५ मध्ये सातारा येथे ग्रामीण शिक्षक तयार करण्यासाठी 'सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज' काढले.

या क्रमाचा अर्थ मला असा वाटतो. प्रथम निरनिराळ्या जातींची मुले एकत्र जेवावयास शिकली, आणि मग त्याच संस्थेने शिक्षक घडविण्यास प्रारंभ केला. ज्याने दुसऱ्याच्या हातची भाकरी खाल्ली आहे, दुसऱ्याची म्हण ऐकून हसला आहे, दुसऱ्याच्या घरच्या दुःखाची बातमी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकली आहे, त्याला 'समाजातील विविधता' या मथळ्याखाली वेगळी टिपणे उतरवून घ्यावी लागत नाहीत. याउलट आज आमची अध्यापक विद्यालये पहा. मराठी माध्यमाचे छात्राध्यापक एका इमारतीत, उर्दू माध्यमाचे दुसऱ्या इमारतीत. उद्या दोघेही कदाचित एकाच गल्लीतील मुलांना शिकविणार. पण शिक्षणाच्या काळात त्यांची गाठ पडत नाही. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तामिळ, तेलुगू आणि कानडी अशा आठ माध्यमांतून शाळा चालविते, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ते आठ प्रकारचे शिक्षक घडत असता एकमेकांच्या वर्गात जाऊन बसले, तर तो अभिमान अधिक सार्थ होईल.

दुसरे उदाहरण कोसबाडचे. श्रीमती ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. श्रीमती अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे कार्य जवळच्या कोसबाड टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत नेण्यात आले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. ताराबाईंची पूर्वीची सर्व कमाई शहरी, सुखवस्तू घरांतील मुलांमध्ये झालेली. बोर्डीस आल्यावर अनुभव असा की, बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकत ना. दुसरे कोणी असते तर 'पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही' असा अहवाल लिहून मोकळे झाले असते. या बायकांनी बालवाडीच उचलली आणि त्या मुलांच्या अंगणात नेऊन मांडली, तीच अंगणवाडी. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा खडे, बिया, पाने, शिंपले हीच साधने झाली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर झाला आहे. पण तो जन्मला तो एका शिक्षिकेने आपल्या पद्धतीपेक्षा मुलाचे अंगण मोठे मानले म्हणून.

येथे शिक्षकांच्या शिक्षणापुरता बोध असा की, ताराबाई आणि अनुताई या दोघींनी मुलांना शिकविण्यापूर्वी मुलांकडून शिकून घेतले. ही विद्या पुस्तकात बसून येत नाही. ती पाड्यावर जाऊन, ओट्यावर बसून, विचारपूस करूनच येते; आणि म्हणून ती छात्राध्यापकाच्या शिक्षणक्रमाचाच भाग असली पाहिजे.

आता भाषेकडे वळू. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाखांहून अधिक, म्हणजे शेकडा नवांहून जास्त होती. यांची बोलणी म्हणजे मराठीचीच बिघडलेली रूपे, असा एक समज शिक्षकवर्गात आढळतो. तो साफ चुकीचा आहे. वारली व भिली या मराठी-गुजरातीच्या आर्य कुळातील खऱ्या. पण गोंडी, माडिया आणि कोलामी या द्राविडी कुळातील, म्हणजे तेलुगू-कानडीच्या नात्यातील. आणि मेळघाटातील कोरकू तर संथाळी-मुंडारीची बहीण. एका राज्याच्या शाळांत तीन भाषाकुळांची मुले बसतात!

याचा वर्गात काय परिणाम होतो, ते एका उदाहरणाने सांगतो. मराठीत तीन लिंगे आहेत : तो, ती, ते. गोंडीत आणि कोलामीत एकवचनी रचना निराळी आहे. तेथे पुरुष एका बाजूला, आणि स्त्रिया, पशू व वस्तू या सर्व दुसऱ्या बाजूला. कोरकूत सजीव आणि निर्जीव असा भेद प्रमुख आहे. अशा घरातून आलेले मूल मराठी बोलताना 'ती' आणि 'ते' यांचा घोटाळा करील, तर त्यात नवल काय? ते मूल मठ्ठ नाही. ते आपल्या आईच्या भाषेचे व्याकरण अत्यंत इमानाने पाळीत आहे. हे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे तो हसणार नाही, लाल शाईची फुलीही मारणार नाही. तो दोन भाषांतील फरक उलगडून दाखवील. ज्याला ठाऊक नाही तो 'एवढे साधे येत नाही?' असे म्हणेल. त्या एका वाक्याने मूल गप्प बसते. गप्प बसलेले मूल मागे पडते. आणि मागे पडलेले मूल एके दिवशी शाळेत येईनासे होते. मग आपण गळतीची कारणे शोधीत बसतो.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर येथे काही उणे नाही. राज्यघटनेत १९५६ साली घातलेल्या ३५० अ या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे सांगितले आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे असे म्हणतो; आणि २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही त्याच बाजूचे आहे. परंतु कायदा वर्गात जातो तो शिक्षकाच्या पायांनी. शिक्षक जर तयार नसेल, तर कायदा दाराशीच उभा राहतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा की, शिक्षकाला सर्व मुले सारखी. त्याने जात, जमात, धर्म पाहूच नये. भेद पाहू लागला की पक्षपात आला. यात हेतू उदात्त आहे. पण सारखे मानणे आणि सारखे समजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. वैद्य सर्व रोग्यांना सारखे मानतो, म्हणून तो सर्वांना एकच मात्रा देत नाही. आणि खरे बोलावयाचे तर, 'मी भेद पाहत नाही' असे म्हणणाऱ्या शिक्षकाच्या मनातही एक घर असतेच. ते बहुधा त्याचे स्वतःचे, किंवा तक्त्यावरचे असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. एका शिक्षकाने किती भाषा शिकाव्या? आज तो मेळघाटात आहे, उद्या त्याची बदली होईल. मी म्हणतो, सर्व भाषा शिकण्याची गरज नाही. विचारण्याची सवय लागली पाहिजे. नव्या गावी रुजू होताच पहिल्या महिन्यात तेथील दोनशे शब्द, नात्यांची नावे, आजारपणाचे शब्द, 'भीती वाटते' आणि 'कळले नाही' हे कसे म्हणतात एवढे जरी त्याने वहीत उतरून घेतले, तरी वर्गाचे वातावरण पालटेल. आपले शब्द गुरुजी शिकत आहेत, ते उच्चारताना चुकत आहेत आणि मुले त्यांना सुधारीत आहेत, हे दृश्य मुलांच्या मनातून शाळेची धास्ती घालवावयास पुरेसे आहे.

म्हणून अध्यापक विद्यालयांपुढे मी तीन साध्या सूचना ठेवतो. त्यांना मोठा खर्च नाही. पहिली, छात्राध्यापकाने पहिला सराव पाठ घेण्यापूर्वी त्या शाळेतील मुलांच्या वस्तीत काही दिवस राहावे, आणि तेथे काय शिकलो हे लिहून आणावे. काय शिकविले हे नव्हे. दुसरी, विद्यालयात जे छात्राध्यापक गोंडी, कोरकू, भिली, गोरमाटी, उर्दू बोलत असतील, त्यांना आपल्या सोबत्यांचे शिक्षक करावे. आज हे ज्ञान विद्यालयात येते आणि दोन वर्षे मान खाली घालून बसून परत जाते. आठवड्यातून एक तास त्याला फळ्यापुढे उभे करा; म्हणजे आपली भाषा लपविण्याची वस्तू नव्हे, हे त्यालाही कळेल आणि इतरांनाही. तिसरी सूचना माझ्यासारख्या तपासनिसांसाठी. पाठ-निरीक्षणाच्या वहीत उद्दिष्टे, साधने, फलकलेखन, प्रश्न असे रकाने असतात. त्यांत आणखी एक घालावा : 'या पाठात मुलांच्या घरचे काय आले?' रकाना कोरा राहिला, तर गुण देताना हात आखडावा. विद्यार्थी ज्याची परीक्षा होते तेच शिकतात, हा नियम छात्राध्यापकांनाही लागू आहे.

हे सर्व केले म्हणजे प्रमाण मराठी मागे पडेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे. कोर्टात, कचेरीत, दवाखान्यात तिच्यावाचून त्याचे अडेल आणि ती त्याच्या हक्काची आहे. वाद आहे तो तेथवर पोचण्याच्या वाटेचा. मुलाला त्याच्या घरापासून निघू द्यावे, की घर नसल्यासारखे उचलून आणून मधेच उभे करावे?

त्या छात्राध्यापिकेविषयी एक शब्द सांगून संपवितो. पुढच्या आठवड्यात तिचा दुसरा पाठ होता. तिने तक्ता नवा केला. त्यावर चार घरे होती : कौलारू, चाळीतले, वीटभट्टीवरच्या मजुराचे पाल, आणि कुडाचे. कुडाच्या घराकडे बोट दाखवून ती मुलांना म्हणाली, 'हे माझे घर. आता आपली घरे कशी आहेत ते आपण एकमेकांना सांगू.' खिडकीजवळची मुले एकाच वेळी बोलू लागली. वर्गात गलका झाला आणि पाठ वेळेत पुरा झाला नाही. वेळेचे भान राहिले नाही म्हणून नियमाप्रमाणे गुण कापावयास हवे होते. मी ते कापले नाहीत.